उन्हात न उडणारी हळद

सांगली, शुक्रवार

प्रिय क्रांती,

लोणंदच्या रंग-कारखान्यात सोमवारपासून तू डॉक्टर म्हणून बसणार, हे कळलं. माझीच खुर्ची! तिचा डावा हात निखळलाय, सांभाळ. अभिनंदन मनापासून, पण लगेच त्यावर विरजणही घालतोय.

माझ्या वेळी तिथं 'हळद खातं' होतं. पिवळी भुकटी ड्रममधून काढून हौदात ओतायची, एवढंच काम. "काय काम करतोस?" विचारलं की गडी म्हणायचा, "हळदीत हाय सायब." मी रजिस्टरात लिहायचो, 'हळद'. ती खरी हळद नाही हे मला ठाऊक होतं गं. पण मी पडलो सांगलीचा, त्या नावानं माझी भीतीच मेली. ड्रमवरचं नाव खरवडलेलं असायचं. मालकाला एकदाच विचारलं, तो म्हणाला, "रंग आहे." मला तेवढं पुरलं. "आमी बारमाही नवरदेव," असं त्या खात्यातला केरबा म्हणायचा आणि मीही हसायचो. बिराप्पाच्या लघवीतून रक्त गेलं तेव्हा मी मुतखड्याच्या गोळ्या दिल्या.

त्या खात्यात सात जण होते. काम सोडल्यावर पंधरा-वीस वर्षांनी एकेक करत सहा गेले. सगळ्यांना मूत्राशयाचा कर्करोग.

गेल्या महिन्यात ते रजिस्टर काढलं. प्रत्येक नावापुढे पिवळा अंगठा. आई म्हणायची, हळदीचा डाग उन्हात उडतो. म्हणून वही आठ दिवस गच्चीवर उघडी ठेवली. रोज सकाळी बघायला जायचो. शाईची नावं फिकी होत गेली, अंगठे मात्र होते तसेच. मला तर ते रोज जास्त गडद वाटायचे. इथं गल्लीभर हळदीचा वास असतो, त्या पानांना कसलाच नाही. परवा ओलं बोट एका ठशावरून फिरवलं. तेव्हापासून धुतोय, पिवळेपणा जात नाही. मला भीती वाटते, क्रांती.

जुन्या स्टोअरकीपरकडे त्या मालाचं एक चलन सापडलं. भुकटीचं खरं नाव पत्रामागे लिहिलंय. सोमवारी प्रत्येक ड्रमचं असंच नाव माग, त्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करू नकोस.

पण पत्र त्यासाठी नाही. सातवा अंगठा आकारामचा आहे, तुझ्या वडिलांचा. तुझ्या बारशाला तो कामावरून तसाच आला, तुला उचललं आणि पांढऱ्या झबल्यावर पाच बोटं उमटली. बायका म्हणाल्या, शुभ आहे. मीही तिथंच पेढा खात उभा होतो. परवा फोनवर तो सहज म्हणाला, "लघवी जरा लाल हुतीया, उन्हाळी लागली आसंल. पोरीला सांगू नगंस, नवी नोकरी हाय तिची." धन्याचं पाणी पितोय म्हणे! मी वचन दिलं होतं, ते मोडतोय. पत्र मिळताच शिराळ्याला त्याच्याकडे जा, त्याला घेऊन ये, दुर्बिणीची तपासणी करून घे. तिथले डॉक्टर विचारतील, काय काम करत होता? तो हसत 'हळदीत' म्हणेल. ते त्यांना लिहू देऊ नकोस.

तुझाच,
मानसिंगकाका