नऊचा दिवा

१३ नोव्हेंबर, रात्री

प्रिय डिलिस,

कडी घातली आहे की नाही, ते पुन्हा उठून बघून आले. घातली होती. मघाशीही घातलेलीच होती. आता बसते.

तू पाठवलेला मनुकांचा पाव मिळाला. हॉवेलने लोणी लावून दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "ही बाई बेटिंगच्या दुकानात काय करतेय? बेकरी काढायला सांग तिला." त्याची छाती या थंडीत पुन्हा धरली आहे. जिना चढताना मध्ये थांबतो आणि भिंतीवरचं आमच्या लग्नात आलेलं चित्र बघत असल्यासारखं करतो. मीही मग थांबते आणि चित्र बघते.

माझ्या हाताची पट्टी काढली. बोटं हलतात, मूठ नीट वळत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू.

कंपनीचा माणूस परवा येऊन गेला. फुलं आणली होती. सोफ्याच्या कडेला बसला, चहा नको म्हणाला. "एरवेन, तुमच्या वेळेने या, घाई नाही," म्हणाला. मी विचारलं, दिवसाची पाळी मिळेल का? दिवसाला जागा नाही, संध्याकाळचीच आहे. मग संध्याकाळी दोन माणसं ठेवा, म्हटलं. म्हणाला, संध्याकाळी तेवढा धंदा नसतो हो. मग बंद का नाही करत सहाला, पूर्वीसारखं? यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी बालिश विचारलंय. "समोरचं उघडं असतं ना," म्हणाला.

समोरचं म्हणजे तुझं. आणि तुझे साहेब आमचं नाव सांगतात, तूच म्हणाली होतीस. दोन दुकानं एकमेकांकडे बघत दहापर्यंत जागी, आणि प्रत्येकात एक बाई.

पूर्वीचं काम आठवतं? दुपारच्या शर्यती संपायच्या, म्हातारे आपल्या टोप्या उचलून जेवायला घरी जायचे. "एरवेन, उद्या घोडा तू निवड, माझे सगळे लंगडे निघतात." मी साडेपाचला खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवायची. आता त्या वेळेला मॅनेजर घरी जातो आणि खरी पाळी सुरू होते. घोड्यांच्या शर्यती नाहीत, कुत्र्यांच्या नाहीत. भिंतीला जुगाराची चार मशीन, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या पाठी. चारनंतर मी चहा पीत नाही, कारण दुकान सोडून मागे बाथरूमला जाता येत नाही. तसं धरून ठेवून जो त्रास झाला, तोही तुला माहीत आहे, त्याचं औषध तूच सुचवलं होतंस. आणि काउंटरची काच काढली तेव्हा मी तुला म्हटलं होतं, की मला कपड्यांशिवाय उभं केल्यासारखं वाटतंय. "गिऱ्हाइकाला जवळीक वाटावी म्हणून," असं पत्रकात होतं. आपण किती हसलो होतो त्या जवळिकीला.

त्या दिवसाबद्दल लिहिणार नव्हते.

तुला गेल्या आठवड्यात मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या मांजराबद्दल बोलले. तू म्हणालीस, "अगं, एवढी का मांजराची काळजी? धडधाकट आहे ते." खरं आहे. मांजराबद्दल मला काहीच सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या फोनवर तू जे म्हणालीस, त्यामुळे हे लिहिते आहे. तू म्हणालीस, "तुझं दुकान संध्याकाळी बंद आहे तर बसवाला एम्लिन आता माझ्याकडे येऊन बसतो. बरं वाटतं गं, ओळखीचं माणूस दुकानात असलं की."

मी म्हटलं, हो का. आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले, हॉवेलला ऐकू जाऊ नये म्हणून.

आता सरळ लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा कडी बघायला जाईन.

दिव्याची कल्पना तुझी. तुझ्या दुकानात हरलेल्या त्या पोराने स्टूल फेकलं, त्यानंतर बसस्टॉपवर तू म्हणालीस, "कंपन्या भांडू देत, आपण काय भांडलोय का? दर तासाला खिडकीतला दिवा दोनदा मिचकवायचा. मी मिचकवीन, तू उत्तर दे. नाही दिलंस तर मी येते." आणि आलीस. त्या संध्याकाळी मला राहवलं नाही म्हणून मी मागे गेले होते, आठ वाजून गेले, दिवा राहिला. बाहेर येऊन बघते तर दारात तू, आणि तुझ्यामागे चिप्सवाला रेनाटो, हातात तेलाचा मोठा झारा घेऊन. झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. "कोण आहे? कुठे आहे?" म्हणून ओरडत होता. तू म्हणालीस, "हिचा खून झाला असं वाटलं आणि ही बाथरूममध्ये!" सगळं दुकान हसलं. रेनाटोने त्या रात्री आपल्याला चिप्स फुकट दिले.

त्या दिवशी सगळ्यात जास्त कोण हसलं होतं, आठव. शेवटच्या मशीनवर बसलेला एम्लिन. डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे तो दिवा त्यासाठी असतो होय! मी म्हणत होतो, कंपनीने वायर बदलायला हवी."

मी पोलिसांना सांगितलं, की तोंडाला मफलर बांधलेला माणूस होता. उंच, तरुण, आवाज ओळखीचा नाही.

मफलर नव्हता, डिलिस.

आठनंतर दुकानात तो एकटाच उरला. मला जरा हायसंच वाटलं होतं. ओळखीचं माणूस. आपल्या मुलांना शाळेत त्यानेच नेलं-आणलं. माझी मेगन आजारी पडली होती तेव्हा त्याने बस थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवली होती, सगळे उतारू बसून राहिले होते. बस कंपनीने ती शाळेची फेरी बंद केली आणि त्याला घरी बसवलं, तेव्हापासून तो येतो. कधी आवाज चढवला नाही. जाताना स्टूल आत सरकवून जायचा.

तो उठला, स्टूल आत सरकवलं. दाराशी गेला. मला वाटलं, निघाला. त्याने आतून खिट्टी लावली आणि 'उघडे आहे'ची पाटी उलटी केली. मग काउंटरला वळसा घालून आत आला. काच नाही, काही नाही. तू कधी काउंटरच्या आतल्या बाजूला गिऱ्हाईक उभं बघितलं आहेस का? खोली एकदम लहान होते.

"एरवेन, पोरी," म्हणाला, "ते मशीन उघड. माझं आहे तेवढंच काढ. दुसऱ्याचं नको."

मी म्हटलं, "एम्लिन, त्याची किल्ली माझ्याकडे नसते. मॅनेजर घेऊन जातो. तुला माहीत आहे."

"मला माहीत नाही."

"खरंच नसते. घरी जा. आज घरी जा, मी कोणाला काही बोलणार नाही."

त्याने माझं मनगट धरलं. पिळलं नाही, काही नाही. फक्त धरलं, बसमध्ये दांडा धरतात तसं, आणि सोडलं नाही. धोक्याची घंटा काउंटरखाली दुसऱ्या बाजूला होती. माझा दुसरा हात मोकळा होता, पण मी त्याच्यापलीकडे पोचत नव्हते. आणि खरं सांगायचं तर तो हात हललाच नाही.

किती वेळ तसे उभे होतो, कोणास ठाऊक. तो मशीनबद्दल बोलत होता. ते त्याला ओळखतं, म्हणाला. दिवसा नीट वागतं, संध्याकाळी मुद्दाम करतं. मी हो हो म्हणत होते. मग त्याने घड्याळाकडे बघितलं. तुझा दिवा दोनदा मिचकला. मला दिसला. लाल, मग अंधार, मग लाल.

मी आमच्या दिव्याच्या बटणाकडे बघितलंही नाही. मनात एवढंच होतं, आता मी दिवा लावणार नाही, आणि डिलिस येईल. रेनाटो येईल, झारा घेऊन.

एम्लिन म्हणाला, "नऊ वाजले. दाखव तिला दिवा. काळजी करेल बिचारी."

अगदी तसंच म्हणाला. प्रेमाने.

मी म्हटलं, "राहू दे, तिचं लक्ष नसतं."

तो म्हणाला, "तिचं लक्ष असतं. ती चॅपलपाशी उतरते, निळं दार, किल्ली कुंडीखाली ठेवते. तू शेवटच्या स्टॉपवर. हॉवेलची खोली मागच्या बाजूला ना? त्याला जिना झेपत नाही आता." आणि मनगट धरूनच माझा हात त्याने बटणाजवळ नेला. तिथे नेऊन थांबला. दाबलं त्याने नाही.

दिवा मीच लावला, डिलिस. दोनदा.

तू रेनाटोला शपथेवर सांगत होतीस म्हणे, की "मी नऊचा दिवा बघितला, नक्की बघितला." आणि लोक म्हणतात, डिलिसला डुलकी लागली असेल, थकलेली असते. तुला डुलकी लागली नव्हती. तू बरोबर बघितलंस. तू न येण्याचं कारण मी आहे. तीन आठवडे तू मला पाव पाठवते आहेस आणि फोनवर म्हणते आहेस, "मी यायला हवं होतं," आणि मी मांजराबद्दल बोलते आहे.

नंतर काय झालं ते थोडं आहे. त्याने गल्ला रिकामा केला. मी मनगट सोडवायला ओढलं तेव्हा हात काउंटरच्या कडेवर आपटला, आवाज आला. तो घाबरला. "लागलं का?" म्हणून त्याने विचारलं. मग खिट्टी काढली, पाटी पुन्हा सुलटी केली, आणि गेला. पाटी सुलटी केल्याचं मला अजून स्वप्नात दिसतं. माझा हात आपटल्याचं दिसत नाही.

मी का खोटं बोलले, ते तुला कळलं असेल. शेवटच्या बसमधून उतरते तेव्हा घरापर्यंत दिवे नाहीत. हॉवेल मागच्या खोलीत झोपतो. आणि तुझी किल्ली कुंडीखाली असते. मला वाटलं, मी गप्प राहिले तर तो गप्प राहील, आणि पुन्हा कुठे जाणार नाही, लाजेने तरी. शरम वाटली असेल त्याला, असं मी स्वतःला सांगत होते. मग तू म्हणालीस, तो तुझ्याकडे येऊन बसतो.

आणखी एक तू हसत सांगितलंस. त्याने तुला विचारलं, "समोर तर अंधार असतो आता. मग तू दिवा कोणाला दाखवतेस?"

तुला तो विनोद वाटला.

किल्ली कुंडीखालून काढ. आजच. तुझ्या साहेबांना सांग, की मी संध्याकाळी एकटी बसणार नाही, आणि ते समोरचं दुकान दाखवतील तर सांग, की समोर आता कोणी नाही. मी परत जाणार नाही, हे मी कंपनीला अजून कळवलं नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे. तुझं घर तुझ्या पगारावर चालतं, सोडून दे म्हणणं मला सोपं आहे, हे मला कळतं. पण त्याचं स्टूल आत सरकवलेलं दिसलं, की दाराबाहेर पड. रेनाटोकडे जा. बाहेर थांब. दुकान राहिलं उघडं तर राहू दे.

वर हॉवेल खोकतो आहे. जाऊन पाणी देते. येताना कडी बघीन.

तू मला माफ कर असं लिहिणार होते. पण ते नंतर. आधी तू नीट घरी पोच, रोज.

तुझी,
समोरच्या खिडकीतली एरवेन

सकाळ

दुकानातलं ते छोटं निळं पेन खिशात सापडलं, त्याने लिहिते आहे. अक्षर वाईट येतंय, हात आणि थंडी दोन्ही.

उजाडायच्या आत पोलिसांना फोन केला. तिकडे एक मुलगी होती. माझा जबाब बदलायचा आहे, म्हटलं. नाव विचारलं. मी म्हटलं, बसवाला एम्लिन. ती म्हणाली, "बाई, पूर्ण नाव लागेल." मला आठवेना. इतकी वर्षं त्याच्या बसमध्ये बसलो आणि आपण त्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. तेव्हा जिन्यातून हॉवेल म्हणाला, "प्रॉथरो. एम्लिन प्रॉथरो."

तो तिथे चित्रापाशी उभा होता. केव्हापासून, विचारलं नाही. मी नाव सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग हॉवेलने स्वतःचा कोट घातला आणि माझा काढून दिला.

पहिल्या बसने आलो. चालवणारा नवीन पोरगा आहे, त्याने आम्हाला ओळखलं नाही. आम्ही तुझ्या दारासमोर आहोत. हॉवेल चॅपलच्या पायरीवर दम खात बसला आहे. कुंडी उचलून बघितली, किल्ली तिथेच होती, ती मी घेतली आहे. तुझ्या खिडकीत अजून अंधार आहे.

हे पत्र हातात देणार आहे. तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा मांजरावर येईन.

बेल वाजवत नाही. हाक मारते.