वर्षश्राद्धाच्या बाटल्या

देजॉन,
१८ सप्टेंबर २०१३

ती. आजीस,
ग्युहोचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की शेजारी भिंत ठोकतात, म्हणून हे पत्र. शेजारच्या बोल्ग्योवाली आजी वाचून दाखवतीलच. त्यांनाही नमस्कार सांग.

दहा नोव्हेंबरला आजोबांचं वर्षश्राद्ध. तुझी मनगटं आता दारूसाठी भात मळू देत नाहीत, तेव्हा मोठे काका म्हणाले की यंदा पितरांपुढे दुकानातली बाटली ठेवू, त्यात काय एवढं. त्यावर तू म्हणे भिंतीकडे तोंड करून बसलीस आणि जेवलीही नाहीस. आजी, जेव. घरची दारू यंदा मी करतो. तांदळाची मला जमणार नाही, पण बिअर जमते, आणि आजोबा शेवटी शेवटी तीच मागायचे. स्वयंपाकघरात पिंप लावलंय. बुडबुडे मजेत चाललेत.

आता प्रश्न बाटल्यांचा आहे. इथल्या दुकानात तीन तऱ्हा दिसल्या. एक काचेची, वर चिनीमातीचं बूच, ते तारेच्या कडीनं आवळायचं. ही फार महाग. दुसरी साधी तपकिरी बाटली, तिच्यावर पत्र्याचं टोपण चेपायला दोन दांड्यांचं यंत्र मिळतं. तिसरी प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची. तपकिरी बाटल्या मी आमच्या इमारतीच्या कचऱ्यातून गोळा करायला लागलोय. आत सिगारेटची थोटकं असतात, पण भिजवली की निघतात. पिंपातून बिअर काढायला नळी आहे; एक टोक तोंडात धरून ओढलं की धार लागते. तुला काय वाटतं ते कळव. तुझ्या मताशिवाय झाकण लावणार नाही.

तुझाच,
ग्युहो


गोहुंग,
२७ सप्टेंबर २०१३

चि. ग्युहो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सांगतेय आणि बोल्ग्योवाली लिहितेय. म्हाताऱ्यांच्या शाळेत अक्षरं शिकल्यापासून तिला लिहायची एवढी हौस आलीय की मी खोकले तरी लिहून घेईल.

तुझं पत्र मी मुळा चिरता चिरता ऐकत होते. थोटकांचं आलं तेव्हा सुरी खाली ठेवली. नळीचं आलं तेव्हा मुळा कोंबड्यांना टाकला. शी, शी, शी! कुणा अनोळखी बाप्याच्या ओठांतलं थोटूक, त्याची भिजून चिखल झालेली राख, ती खरवडून तिथं तू पितरांची दारू भरणार? आणि वर नळी चोखणार? तुझे आजोबा उभ्या संसारात माझा उष्टा चमचा उचलत नव्हते. मेल्यावर तुझी थुंकी पितील होय रे? दोन दिवस माझ्या जिभेवर राखेची चव आहे, आणि मी ती बाटली पाहिलीही नाही. बोल्ग्योवालीलाही मळमळलं. पण तिला जेवण झाल्यावरच मळमळतं.

नळीत आधी उकळून निवलेलं पाणी भर, दोन्ही टोकं बोटानं दाब, एक टोक पिंपात बुडव, दुसरं खाली सोड. तोंडाचं काम नाही. तोंड बोलायला ठेव.

बाटली प्लास्टिकचीच घे. काच घुमी असते. आतून रागावली तरी सांगत नाही, एकदम फुटते. प्लास्टिकला अंगठ्यानं दाबलं की कळतं. मऊ लागली तर अजून थांब, दगडासारखी झाली की तयार. आणि विकत कशाला आणतोस? परसातल्या खोपटात मोठ्या बाटल्या पडल्यात, गेल्या थंडीत किमची घालताना रिकाम्या झाल्या. आम्ही दोघींनी त्या राखेनं घासल्या, कढत पाण्यानं विसळल्या, उन्हात उलट्या घातल्या. माझी मनगटं पुढे तीन रात्री ठणकत होती, पण ते तुला सांगत नाही. बाटल्या अशा लखलखीत झाल्यात की बोल्ग्योवालीनं एकीत बघून भांग सारखा केला. खोकं आज टपालात टाकलं.

दुकानाची बाटली या घरात पितरांपुढे मी कधी येऊ दिली नाही. सून म्हणून आले तेव्हापासून नाही. ते तुझ्या हातात आहे. आधी हात धू.

लोभ आहेच, तो आंबू नये एवढं बघ.
आजी


देजॉन,
२८ ऑक्टोबर २०१३

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

खोकं मिळालं. सगळी बिअर तुझ्याच बाटल्यांत भरली. नळीला तोंड लावलं नाही. बाटल्या दगडासारख्या झाल्यात. काही काळजी करू नकोस. बिअर घेऊन येतोच.

इथे थंडी पडलीय. तू मनगटांना ऊब दे.

तुझा,
ग्युहो


देजॉन,
२८ ऑक्टोबर २०१३

ती. बोल्ग्योवाली आजींस सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यासाठी वेगळ्या पाकिटात घातलंय. कृपा करून माझ्या आजीला वाचून दाखवू नका.

त्या बाटल्यांत आधी खारवलेल्या मांदेलीचं पाणी होतं ना? किमचीत घालतात ते? मी खोकं उघडलं आणि खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, की तुमच्याकडे काही मेलंय का. तुम्हां दोघींचा दोष नाही. तुमचं गावच्या गाव त्या वासात मुरलंय, तुम्हाला तो येणार कुठून? मी सोडा घातला, व्हिनेगर घातलं, बाटल्या रात्रभर गच्चीवर ठेवल्या. प्लास्टिकनं तो वास जो धरलाय तो सोडतच नाही. पण आजीनं दुखऱ्या हातांनी घासलेल्या बाटल्या फेकायच्या कशा? माझा हात धजेना. म्हणून भरल्या, सगळ्याच्या सगळ्या.

काल एक उघडली. फेस काय सुरेख आला! एक घोट घेतला आणि मोरीकडे पळालो. मासळीच्या कुजक्या जाळ्यावर आंबलेला पाव पिळावा अशी चव आहे.

नवं पिंप लावायला आता दिवस नाहीत. म्हणून असं ठरवलंय, की दुकानातून चांगली बिअर आणायची, कोऱ्या बाटल्यांत ओतायची आणि घरची म्हणून पुढे ठेवायची. आजीला समाधान, कुणाला त्रास नाही. तुम्ही फक्त गप्प राहा.

आपला,
ग्युहो


गोहुंग,
३ नोव्हेंबर २०१३

चि. ग्युहो यास आशीर्वाद, यावेळी मोजकेच.

तुझं पहिलं पत्र चार ओळींत संपलं. एवढं थोडकं तू शाळेत नापास झाला होतास तेव्हाच बोलला होतास. दुसरं पाकीट बोल्ग्योवालीनं माझ्यादेखत मोज्यात खुपसलं. मला वाचता येत नाही, पण पाकिटं दोन होती हे कळतं. जेवायला बसली तेव्हा भाताचं भांडं मी माझ्याकडे ओढून घेतलं. मग वाचलं तिनं. तिच्यावर रागावू नकोस, भूक वाईट.

पहिलं म्हणजे, बाटल्यांना वास नव्हता. आम्ही दोघींनी हुंगून पाठवल्यात. दुसरं म्हणजे, असलाच, तर मांदेलीच्या वासाची कसली रे किळस? त्यावर तुझा बाप शिकला, काका शिकला. तू मोरीत पळालास ते ऐकून मला हसू आलं.

किळस आली ती पुढचं ऐकून. दुकानातली बिअर घरच्या नावानं ओतणार, मेलेल्या माणसापुढे ठेवणार, आणि मग त्याच तोंडानं जमिनीला डोकं टेकवणार! थोटकाच्या बाटलीत निदान राख दिसते. तुझा काका दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली बाटली उघडउघड आणणार होता. आळशी आहे मेला, पण लबाड नाही. आणि माझ्या समाधानाचं नाव काढू नकोस. मला समाधान द्यायला निघालेल्या माणसांनीच मला आयुष्यभर कडू औषधं पाजलीत.

जे तू केलंस तेच घेऊन ये. वास मारतं तर मारू दे. आणि आपली रीत माहीत आहे ना? पितरांपुढून उतरलेला प्याला घरच्या सगळ्यांनी प्यायचा. नाक दाबून चालणार नाही.

ये. माया तीच आहे, फक्त पुढ्यात येशील तेव्हा कान माझ्या हाताशी ठेव.
आजी


गोहुंग,
१९ नोव्हेंबर २०१३

चि. ग्युहो यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू शेवटच्या बससाठी धावलास, त्यामुळे अर्धा तमाशा तू पाहिलाच नाहीस. उरलेला अर्धा चालला तेव्हा तू कपाळ जमिनीला टेकवून होतास. मी मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ऐक.

तुझ्या काकानं बाटलीचं झाकण फिरवलं तशी ती फुसफुसली, आणि जो वास सुटला! बरं बाबा, होता वास. लिही गं, होता म्हणून लिही. उन्हात विसरलेलं जाळं आणि त्यात आंबलेला पाव. उदबत्तीनंही मान टाकली. काकानं प्याला धुरावरून फिरवला तो श्वास कोंडून. डोळे लाल, गाल फुगलेले, बेडूकच. फेस ओघळून त्याच्या बाहीत गेला. तुझ्या धाकट्या आत्यानं नमस्काराला खाली घातलेलं डोकं वर उचललंच नाही; मला वाटलं भक्ती, पण ती उंबऱ्याकडून येणारा वारा घेत होती.

मग उतरलेला प्याला. तू डोळे मिटून गटकन प्यायलास आणि पळालास, ते बरं केलंस. आत्यानं ओठ लावून आडोशाला जाऊन थुंकलं, मी पाहिलं. मी सगळा प्यायले. आतडी उलटी होऊन बाहेर येऊन मला विचारत होती, बाई, आमचं काय चुकलं? सबंध रात्र मला मांदेलीचे ढेकर आले. इतकं ओंगळ काही मी या वयापर्यंत गिळलं नव्हतं, आणि मी टंचाईत झाडाच्या साली खाल्ल्यात.

आता तुझा काका. मला वाटलं हा प्याला अंगणात ओतणार. ओठांपर्यंत नेला आणि तिथंच धरून बसला. मी म्हटलं, रीत आहे, पी. त्यानं हुंगलं, परत हुंगलं. मग म्हणाला, आई, बाबा होडीवरून येऊन दारात बूट काढायचे ना, तेव्हा अगदी असा वास यायचा. आणि प्यायला. वर आणखी मागितली! पन्नाशीचा माणूस, हिशेबनीस, मांडी घालून ती घाण चवीनं पीत होता आणि रडत होता. मला काही रडू आलं नाही. मला पुन्हा मळमळलं, त्याच्याकडे बघूनच जास्त.

उरलेली एक बाटली तो घेऊन गेला. आपल्या नव्या गाडीत, शेजारच्या आसनावर, पट्टा लावून. त्याची बायको मागे बसली, थंडीतही काच खाली करून. फाटकातून निघताना म्हणाला, पुढल्या वर्षी दुकानाचं नाव काढायचं नाही. ग्युहोकडे पिंप लावायच्या वेळी मी स्वतः जातो, त्यानं मला शिकवावं. घरची दारू घरच्याच हाताची राहील असं मला म्हातारीला वाटतंय आता, मी असले नसले तरी. हे ऐकून मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. घरभर तो वास असूनही.

तो आला की बाटल्या तू निवड. काचेच्या, कडीच्या, महागातल्या. तो म्हणेल जुन्या प्लास्टिकच्याच भरू, बाबांची आठवण म्हणून. अजिबात ऐकू नकोस. माणसाची आठवण काढावी रे, ती प्यायची नसते.

तुझ्यावर जीव आहे. पोटात जागा झाली की आणखी कळवीन.
आजी

ता. क. मी बोल्ग्योवाली. मी एक घोटही घेतला नाही. आमच्या घरी माझी वाट बघत होते.