कनातीच्या पलीकडची मतं

उस्ताद, काल तुमचा तो पिक्चर माझ्या थिएटरात लागला. तोच, काळापांढरा, बंदरावरच्या शहरातला. सगळीकडं पाऊस आणि अंधार, व्यापाऱ्याचा खून, त्याची ती बायको जी धड हसत नाही की रडत नाही, आणि तिच्यापायी सगळं स्वतःच्या अंगावर घेणारा वकिलाचा कारकून. सांगलीतली काही कॉलेजची पोरं रविवारी सकाळी जुने पिक्चर दाखवतात, हॉल माझा असतो. होय, तुमच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूवर भोंग्यातून ओरडणारा आटपाडीचा गडी आता दोन पडद्यांचा मालक आहे. या वेळी पोरांनी नाव सांगितलं आणि माझा चहा कपातच गार झाला. नाही म्हणावं असं फार वाटलं. कारण या शिकलेल्या माणसांनीही तोंड वाकडं केलं असतं, तर तुमचंच म्हणणं खरं ठरलं असतं, की त्या जत्रेपासून तुमची पिक्चरची नजर गेली.

ती जत्रा पलूसच्या अलीकडच्या गावची. तंबूच्या मधोमध कापडाची कनात, अलीकडं गडी, पलीकडं बाया. गड्यांचं दार रस्त्याकडं, बायांचं मागं शेताकडं, तिथं तिकिटाला एक मावशी बसायच्या आणि त्या बाजूला पुरुषानं फिरकायचं नाही हा रिवाज. खेळ संपत आला की तुम्ही मला खूण करता आणि आपण दोघं गड्यांच्या दाराशी जातो. तुम्ही वाकून खुंटीचा दोर आवळल्यासारखं करता, मी उगाच बिडी शोधतो. तुमचं शास्त्र ठरलेलं होतं. माणूस तंबूच्या बाहेर पाय टाकताना जे पहिलं वाक्य बोलतो तेच खरं, पुढचं सगळं सोबत्याला बरं वाटावं म्हणून. त्या वाक्यांवर पिक्चर उद्या राहणार की जाणार हे ठरायचं. हा पिक्चर तुम्ही स्वतः हट्टानं आणला होता. साताऱ्याहून रिळांच्या पेट्या येईपर्यंत चार माणसांना त्याची गोष्ट सांगून झाली होती तुमची, फक्त शेवट तेवढा राखून ठेवला होता.

आणि त्या दिवशी पहिली वाक्यं आली ती अशी. ‘‘सगळा अंधारच दावला की रं, दिवा गेल्ता का काय ह्यांचा?’’ ‘‘गाणं न्हाई, मारामारी न्हाई, नुस्ता पाऊस. पाऊस बघायला तिकीट कशाला?’’ ‘‘हिरो हाय का बैल? बाई म्हनंल तिकडं वळतंय!’’ ‘‘ती बाई म्हंजी अवदसा गड्या, अवदसा.’’ लोक हसत निघून गेले. तुम्ही दोर आवळत राहिलात, खुंटी उपटायची वेळ आली तरी. मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘‘उस्ताद, मागची माणसं चांगला म्हणत व्हती.’’ तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘‘कानाला खोटं बोलाय शिकवू नगंस. तेवढंच हत्यार हाय तुझ्यापाशी.’’ आयुष्यात तुम्ही मला पुष्कळ बोललात, पण लागलं ते एवढंच, आणि उपयोगी पडलं तेही एवढंच.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर देवादिकांचा पिक्चर आला, तंबू तुडुंब भरला. त्यानंतर मात्र तुम्ही पिक्चर निवडणंच सोडलं. ‘‘तू सांग काय लावायचं,’’ असं मला विचारायला लागलात. लोकांना वाटलं, पोरगं हुशार म्हणून उस्तादानं कारभार दिला. मला ठाऊक होतं की तुम्ही कारभार दिला नव्हता, हातातून सुटू दिला होता. मी त्यावरच वर आलो. तुम्ही जायच्या आधी साताऱ्याला शेवटचा भेटायला आलो तेव्हा तुम्ही खाटेवर पडून सगळ्या गावांच्या जत्रा आठवत होता, आणि मध्येच म्हणालात, ‘‘त्यो येक पिक्चर लय चुकला गड्या.’’ मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

तर काल मी पुन्हा दारात. दोर नव्हता, म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलं. पोरं बाहेर पडली. ‘‘स्लो आहे रे, पण सावल्या बघितल्यास का जिन्यावरच्या?’’ ‘‘हिरो येडा आहे. एवढं समोर दिसतंय तरी जातोय तिच्या मागं.’’ ‘‘तू तर पहिल्याच सीनला गेला असतास!’’ मग एक पेन्शनर फौजी आले, कडेगावकडचे, माझे नेहमीचे गिऱ्हाईक. म्हणाले, ‘‘लायटीच लावल्या न्हाईत ओ त्यांनी. ब्लॅकआउट हुता व्हय?’’ मला हसूच आलं. इतकी वर्षं गेली, अंधाराची तक्रार तीच. पण माझं मन काही निवेना. पोरांनी तारीफ केली ती सावल्यांची. सावल्यांची तारीफ म्हणजे गोष्टीची नव्हे, एवढं मला कळतं.

सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली, नातीच्या हाताला धरून. दारात थांबली आणि मलाच म्हणाली, ‘‘ह्यो आमी बघितल्याला हाय. तंबूत.’’ गाव कुठलं विचारलं तर तेच, पलूसच्या अलीकडचं. मी कान टवकारले. ‘‘आवं, मग तवा कसा वाटला?’’

‘‘लय चांगला! दुसऱ्या दिशी आमी साऱ्या जणी परत आलो, तर पडद्यावर देव! कुना मुडद्यानं काढला कुनाला ठावं.’’

‘‘आमच्या उस्तादांनी काढला, आज्जी. लोकास्नी आवडला न्हाई म्हणून.’’

‘‘कोन म्हनलं?’’

‘‘गडी म्हणत व्हते.’’

‘‘आन् आमाला इचारलं व्हतं कुनी?’’ म्हातारी अशी कडाडली की नात इकडंतिकडं बघायला लागली. ‘‘गड्यास्नी काय दिसतंय? ती बाई वाढती आन् नवरा भरल्या ताटाला पाय लावतो, ते बघितलं का येकानं तरी? आमच्याकडं साऱ्यांनी बघितलं. घरला जाताना वढ्यापतूर कोन बोललं न्हाई, मग जे सुरू झालं! मी म्हनायची, हिनं न्हाई मारला. माझी जाऊ म्हनायची, हिनंच मारला आन् ब्येस केलं. रानात भांगलायला गेलो तरी त्येच. त्यापायी जावंनं पंधरवडाभर अबोला धरला माझ्याशी.’’

उस्ताद, पिक्चरपायी दोन जावांनी अबोला धरावा, याहून मोठी दाद मी तरी ऐकलेली नाही. बाया दारात बोलत नव्हत्या. पदर सावरून, मान खाली घालून, दिव्याच्या उजेडातून निघून जायच्या आणि ओढा ओलांडला की बोलायच्या. आपण दोघं कानांवर जगणारी माणसं, आणि अर्ध्या तंबूचं एक अक्षर कधी ऐकलं नाही. तिकडं उभं राहायची सोयच नव्हती, तुमचाही इलाज नव्हता. पण नजर गेली नव्हती तुमची. बरोबर होता तुमचा पिक्चर. काल दुपारी मी जेवलो, आडवा झालो आणि कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली. बायको म्हणाली, ‘‘आज घोरत व्हता की वो!’’

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा लिहून झालं की राहील घरातच. एक गोष्ट मात्र तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. निघताना म्हातारीनं विचारलं, ‘‘मालक, तुमचं काय म्हननं? तिनं मारला का न्हाई?’’ मी जाणत्यासारखा हसलो आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं. खरं असं आहे की शेवटच्या रिळाला मी तेव्हाही दारात होतो आणि कालही दारातच. शेवट मी पाहिलेलाच नाही. ती बाई जगते की मरते, एवढंसुद्धा मला ठाऊक नाही.