घरगाडीच्या गळतीचा खुलासा

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (शिडीच्या वरच्या पायरीवर बसून लिहितोय, त्यामुळे आडवं होता येत नाही, भाव तेवढा पोचवून घे.) गुडघा काय म्हणतोय? वहिनीचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक, फक्त जरा ओले आहोत.

ओले म्हणजे घरगाडीमुळे. जुन्या मिनीबसमधल्या सीटा उपटून आपण तिच्यात पलंग, ओटा, मोरी बसवली, तेव्हा तू सुतार आणि मी विज्ञानाचा मास्तर ही जोडी झकास जमली होती. मग गेल्या वर्षी छतातून पाणी गळलं आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून गेलो, "दादाने छताला खिडकी नाही बसवली, भगदाड पाडलंय." तू चहाचा कप खाली ठेवलास आणि घरी गेलास. तेव्हापासून फोनवर तब्येत विचारतोस, पण गाडीचा विषय निघाला की नेमकं तुझ्या दारात कुणीतरी येतं. पुढच्या आठवड्यात पहिल्या मोठ्या प्रवासाला निघायचंय आणि तुम्हा दोघांच्या जागा अजून रिकाम्या आहेत. म्हणून म्हटलं, या गळतीचा एकदाचा छडा लावावा आणि तुला लेखी कळवावं.

मी पद्धतशीर माणूस (हसू नकोस). आधी नळ आणि टाकी तपासली. टाकी रिकामी असतानाही पाऊस आला की गळायचंच, म्हणजे ती बिचारी निर्दोष. मग ओल पसरेल तशी मी आतून छतावर पेन्सिलीने तिची कड आखून तारीख घालत गेलो. महिन्याभरात असा काही नकाशा झाला की हिने विचारलं, यातली राजधानी कुठली? राजधानी बरोबर तुझ्या खिडकीशी होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. खिडकीच्या कडेने आतून सिलिकॉनच्या तीन नळ्या रिकाम्या केल्या आणि गळती थांबली. दोन दिवस मी कॉलर ताठ करून हिंडलो. तिसऱ्या दिवशी छताच्या प्लायवूडला पोट आलं. मी कौतुकाने बोट लावायला आणि ते फुटायला एकच गाठ पडली. साठलेलं सगळं पाणी माझ्या तोंडावर. आमचा गॅरेजवाला (त्याला आम्ही 'बघूया' म्हणतो, कारण तो दुसरं काही बोलतच नाही) पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलला, "मास्तर, पाणी येतंय बाहेरून, तुम्ही बूच आतून काय मारता?" सगळी नोकरी पोरांना पाणी उतार शोधतं हे शिकवण्यात गेली, दादा.

पुढची युक्ती त्याचीच. दारं-खिडक्या लावायच्या, फटींना चिकटपट्टी मारायची, एका झरोक्यातून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून छताला साबणाचं पाणी फासायचं. जिथे भोक, तिथे बुडबुडे. (सायकलच्या पंक्चरचीच तऱ्हा. मला का सुचली नाही हे विचारू नकोस, हिचं विचारून झालंय.) ही आत ब्लोअर धरून बसली, मी छतावर ब्रश घेऊन रांगतोय. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून एक ठोका म्हणजे चालू आणि दोन म्हणजे बंद असं ठरलं. तेवढ्यात माझ्या हातून बादली निसटली आणि गडगडत खाली गेली. इतके ठोके आमच्या ठरावात नव्हते. ही "अहो, पडलात की काय!" म्हणत ब्लोअर पलंगावर टाकून बाहेर धावली आणि तिच्या मागोमाग उसवलेल्या उशीतला सगळा कापूस उडत आला. मी धडधाकट आहे हे पाहून मग तिने मला जे ऐकवलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

दुसऱ्या खेपेला मात्र बुडबुडे आले. चांगले लिंबाएवढे, एकामागून एक. छडा लागला! कुठून आले ते सविस्तर लिहिणार होतो, पण कागद संपत आलाय आणि शिडीवर ऊनही आलंय. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. – बुडबुडे तुझ्या खिडकीतून आले नाहीत. चारही बाजूंना साबण फासला, एक बुडबुडा येईल तर शपथ. ते आले तिथून दोन हात पुढे, जिथे हिच्या मालिकांसाठी मी तुला न विचारता अँटेना ठोकली होती. चार स्क्रू, आणि एकाच्याही खाली रबर नाही. पाणी तिथून शिरून आतल्या पट्टीवरून ओघळत तुझ्या खिडकीपाशी टपकायचं. चुकलो, दादा. त्या दिवशीच्या सगळ्या पाहुण्यांना काल एकेकाला फोन करून हे सांगितलं. (आत्याने दोनदा वदवून घेतलं, आणि तिला चांगलं ऐकू येतं.)

ता. क. २ – साबणावरही माझा विश्वास बसेना, म्हणून मी तुझी खिडकी उचकटून खाली पाहिलं. ठणठणीत कोरडं. काढायला अडीच तास लागले, इतकी पक्की बसवली होतीस. आता ती परत बसत नाही.

ता. क. ३ – बसवून द्यायला 'बघूया' तयार आहे. मीच नको म्हटलं. वर प्लास्टिक बांधलंय, आणि ढग जमायला लागलेत. वहिनीला घेऊन ये, हत्यारं आण किंवा नको आणूस. तू आल्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही, भिजलो तरी चालेल.