चार बोटांची फट

मंगळवार, संध्याकाळ. १९८१

शी! डोक्यातून ती फट जात नाही.

आज नाशिकरोडच्या वसाहतीत लोखंडी खिडक्या बसवायला घेतल्या आणि प्रत्येकीच्या कडेला चार बोटं फट. आर्किटेक्टसाहेबांनी नकाशात खिडकीची जागा सोडली ती शोभेच्या हिशेबाने. सातपूरच्या कारखान्यात खिडकी तयार होते ती तिथल्या ठरलेल्या मापाची. एकमेकांना विचारायचं कुणी? बांधकामावर देखरेख माझी, म्हणून मी विचारलं होतं, तर साहेब म्हणाले, "तुम्ही विटा बघा."

आता साहेब म्हणतात, कारखान्याने माप बदलावं. कारखान्याचे मॅनेजर म्हणतात, साहेबांनी नकाशा बदलावा. भिंती उभ्या राहिल्यावर! आणि दोघं एकाच बाकड्यावर बसून चहा पितात. किळस येते.

घोटीहून एक बाई नवऱ्याबरोबर घर बघायला आल्या होत्या. त्यांनी खिडकी बंद केली आणि त्या फटीतून हात बाहेर काढून दाखवला. "हात भाईर जातोय की! मग लावायची तरी कशाला?"

साहेब हसले. "हवा खेळती राहील, ताई."

हवा! थंडीत एक रात्र झोपा म्हणावं त्या हवेत.

शेजारच्या इमारतीचा अजून पायाच भरतोय. म्हटलं, निदान तिथे तरी कारखान्याचं माप धरू या. तर साहेब म्हणाले, "छे! दोन्ही इमारती सारख्या दिसायला नकोत?"

म्हणजे पहिली फट चुकून राहिली. दुसरी आम्ही मापून ठेवणार.