रंगाच्या पुस्तकाला खळ

भिवंडी, १२ नोव्हेंबर १९८७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवाळीत तू मृदुलाला रंगवायचं पुस्तक आणि स्केचपेनं दिलीस, तेव्हापासून घरात तुझ्याच नावाचा जप चालला आहे. मी वेणी घालते, डबा भरते आणि ही माझ्यासमोर बसून मावशीचे गुण गाते. हेवा वाटतो ताई, सरळच लिहिते.

आता तक्रार. शाई पानातून आरपार जाते. पोपट रंगवला की मागच्या पानावरच्या राजाचं तोंड हिरवं. काल त्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं. जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, तुला नाही कळायचं, मावशीला विचार. म्हणून लेकीच्या हुकुमावरून विचारते आहे.

तुझा लोभ माझ्यावर राहू दे. माझ्या लेकीवरचा थोडा कमी झाला तरी चालेल.
तुझी,
प्रमोदिनी


पुणे, २० नोव्हेंबर १९८७

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा हेवा वाचून हसले, सुखावलेही. मृदुलाला सांग, पेन आधी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात चालवून बघावं, एकाच जागी दोनदा फिरवू नये आणि पानाखाली जाड पुठ्ठा घालावा.

दिवाळीतलं बोलणं विसरली नाहीस ना? जूनपासून पाचवीला तिला माझ्याकडे ठेव. इथे शाळा चांगली आहे, आणि आमच्या घरात आम्ही दोघंच. तिच्यासाठी मागची खोली आवरून ठेवली आहे. तू तिची वेणी घालतेस ते वाक्य मी पुन्हा वाचलं. हेवा काय तुला एकटीलाच वाटतो? तिच्यावरच सोपवू असं तूच म्हणाली होतीस, तेव्हा तिला विचार आणि तिलाच मला लिहू दे.

माया आहेच, ती कागदावर मागायची गरज नाही.
तुझी ताई,
विद्युल्लता


भिवंडी, ६ डिसेंबर १९८७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पुठ्ठ्याने पुढचं पान वाचलं, पण पाठीमागे उमटायचं ते उमटतंच. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, मावशीला जमलं नाही ते आई करून दाखवील.

यांच्या साइझिंगच्या कारखान्यात सुताला खळ लावतात, ती वाटीभर मागवली. पातळ करून एका पानाला फडक्याने लावली, वाळू दिली. शाई पलीकडे गेली नाही. मृदुला माझ्याकडे बघतच राहिली. मग मला चेव आला. सगळ्या पानांना खळ लावली आणि पानं सुरकुतू नयेत म्हणून ओलसर असतानाच पुस्तक मिटून गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. खळ लावलेलं सूत तापलेल्या पिंपांवरून फिरवून आधी खडखडीत वाळवतात, हे यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल.

सकाळी पुस्तकाची वीट झाली होती. मी स्वयंपाकघरात बसून रडले. तुझं पुस्तक घालवलं, आता ही जाणारच, असं वाटलं. मृदुलाने पातेल्यात पाणी ठेवायला सांगितलं, आणि दुपारभर आम्ही दोघी वाफेवर पानं सोडवत बसलो. निम्मी फाटली.

पुण्याचं तिला विचारलं. तिने तुला लिहिलं, पण मला वाचू दिलं नाही. पाकीट स्वतःच चिकटवलं. सोबत पाठवते आहे. लवकर कळव, घास गिळवत नाही.

रागावलीस तरी धाकटी समजून पदरात घे.
तुझी,
प्रमोदिनी


पुणे, १४ डिसेंबर १९८७

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद.

जेव आता. ती येत नाही.

पत्रात पुस्तकाबद्दल हळहळ नाही. पान वाफेवर कोणत्या बाजूने धरायचं हेच सविस्तर लिहिलं आहे. शेवटी लिहिते की, आईला वाळेपर्यंत धीर धरवत नाही आणि मग ती रडते, म्हणून तिच्याजवळ कोणीतरी हवं. मावशीला सगळं येतं, असंही लिहिलं आहे.

हे पत्र मी यांनाही दाखवलेलं नाही. तिने मला कधी रडताना पाहिलं नाही गं, म्हणून तिला वाटलं असेल की मला कोणी नको.

मे महिन्यात तिला घेऊन ये. तोवर तुझ्यावरचा राग उतरेल, निदान तसं तुला दाखवता येईल.
तुझी ताई,
विद्युल्लता