आमच्या घराला न सोसणारं इंजेक्शन

ती. मावशीस,

भोपळ्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देत नाहीत म्हणून तूर्त कागदावरच). तुझी कंबर कशी आहे? डोळ्याच्या ऑपरेशननंतर सुईत दोरा ओवता येतो का? मांजर अजून तुझ्याच खुर्चीत बसतं आणि तू स्टुलावर, असंच चालू आहे ना? फोनवर विचारलं असतं, पण मी फोन केला की तुझ्याकडची रेंज नेमकी जाते. बाबा गेल्यापासून गेलेली ही रेंज काही परत आली नाही, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी उघडावं लागतं.

आई आमच्याच हॉस्पिटलमध्ये भरती आहे. घाबरू नकोस. (थोडी घाबरलीस तर मला सोबत होईल, पण ते असो.) फुटक्या कुंडीचा पायाला ओरखडा गेला, तो तिने नेहमीप्रमाणे कुणाला दाखवला नाही, आणि पाय पोटरीपर्यंत लालभडक होऊन टम्म सुजला तेव्हा 'चप्पल जरा घट्ट होतेय' एवढंच बोलली. तुझीच बहीण. आता ती वर खिडकीजवळच्या खाटेवर आणि मी खाली तळघरात, फार्मसीत, औषधांच्या रॅकमध्ये. मधे चार मजले आणि एक सॉफ्टवेअर.

या सॉफ्टवेअरबद्दल तुला सांगायलाच हवं. पेशंटला न सोसणारं औषध कुणी लिहिलं की लाल चौकट दाखवून बोंब मारायची, एवढंच त्याचं काम. हेतू उत्तम, त्यात वाद नाही. पण निघालं भारी भित्रं आणि वर चोंबडं! एका औषधाचं नाव मिळालं की त्याचे चुलत, मावस, लग्नात जोडलेले, न जोडलेले सगळे नातेवाईक हुडकून काढतं आणि सरसकट सगळ्यांना दारातूनच परत पाठवतं. दिवसभर इतकं केकाटतं की चौकट न वाचताच 'पुढे जा' दाबायची इथल्या बोटांना सवय लागली आहे. (मोठ्या डॉक्टरांना सांगू नकोस. तेही हेच करतात.) खरा धोका असेल तेव्हाही ते याच सुरात ओरडणार आणि आमची बोटं याच वेगाने धावणार.

तर आईला भरती करताना नर्सने विचारलं, आजी, कशाची अ‍ॅलर्जी आहे? आता तुझ्या बहिणीला उभ्या जन्मात इतक्या आपुलकीनं कुणी काही विचारलं नव्हतं. ती उशीला टेकून नीट बसली आणि सुरू झाली. खोकल्याच्या औषधाने झोप येते. लोहाच्या गोळ्यांनी पोट जड होतं. दुखण्यावरच्या गोळीने जळजळ होते. पांढऱ्या मोठ्या गोळ्या घशात अडकतात (सगळ्या कंपन्यांच्या). डोळ्यांचे थेंब झोंबतात. चिकटपट्टीने खाज येते. सलाईनने थंडी वाजते. नर्स नवी आणि गुणी, तिने शब्दन् शब्द टाइप केला. सॉफ्टवेअरने तो मनावर घेतला. मिठाच्या पाण्याची बाटली आईच्या हाताला लागलेली होती, थेंब थेंब जात होती, आणि खाली माझ्या पडद्यावर लाल चौकट सांगत होती की या बाईंना मिठाचं पाणी देणं जिवावर बेतेल.

डॉक्टरांनी जे लिहावं ते माझ्याकडे येऊन अडे. शेवटी त्यांनी फोन केला आणि ओरडले, तुमच्या मातोश्रींना मी आता नुसती हवा देऊ का? मी म्हटलं, साहेब, हवेचीही तक्रार आहे, पंख्याखाली तिचे खांदे धरतात. त्यांनी फोन आपटला. मी हसलो खरा, पण मावशी, ते तेवढ्यापुरतंच. परक्या पेशंटच्या नावापुढे भराभर चालणारं माझं बोट आईच्या नावापुढे उचलेना. यातलं एखादं खरं असलं तर?

म्हणून वर गेलो आणि एकेक औषध घेऊन तिला विचारत बसलो. झोप येणं ही अ‍ॅलर्जी नव्हे, आई. घशात अडकणं हीही नव्हे. ती हो हो म्हणत गेली आणि एकेक चौकट गळत गेली. राहिलं एक इंजेक्शन, तेही तिने नर्सला नावानिशी सांगितलं होतं. आणि नेमकं तेच हवं होतं. पायातल्या जंतूंवर खात्रीचं औषध तेवढं एकच, असं रिपोर्ट सांगतो. दुसरं आहे ते तिच्या नाजूक किडन्यांना झेपणार नाही. सध्या जे चालू आहे त्याने लाली थबकली आहे, हटत नाही. उद्यापर्यंत हटली नाही तर पाय चिरावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

हे तू कधी घेतलं होतंस, काय झालं होतं, अंगावर पुरळ, श्वास? मी विचारत राहिलो. शेवटी ती म्हणाली, 'मी नाही रे घेतलं कधी. ह्यांना दिलं होतं. आपल्या घराला नाही सोसत ते.'

मावशी, त्या संध्याकाळी ते इंजेक्शन बाबांना सिस्टर म्हणून तू दिलं होतंस. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलंस, आणि सकाळी बाबा गेले. त्यांची फुप्फुसं कधीच संपली होती, हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक असणार, पण ठाऊक असणं आणि सोसणं यात फरक आहे. तिने तुला कधी बोल लावला नाही. नुसती बोलेनाशी झाली, आणि तूही मानी, तूही गप्प झालीस. दोघींच्या मधे मी इतकी वर्षं 'ती बरी आहे' हे एकच वाक्य इकडून तिकडे पोचवतोय. कंटाळलो गं. तुमची दोघींची मला फार आठवण येते, एकत्र असतानाची.

असो. काळजी नसावी, तब्येतीला जपावं, एवढंच कळवायला हे पत्र.

तुझा (पन्नाशीला टेकलेला)
भोपळ्या

ता. क. – आईला सगळं समजावल्यावर तिने चादरीची सुरकुती सारखी केली आणि म्हणाली, 'द्यायचंच असेल तर तिला बोलाव. तिचा हात हलका आहे. ह्यांना टोचलं तेव्हा हे म्हणाले होते, कळलंसुद्धा नाही.' हे तिने मला आजवर सांगितलं नव्हतं. तुला तरी माहीत होतं का?

ता. क. २ – वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर तुझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्या म्हणतात, नियमाप्रमाणे सुई मीच धरणार, पण माझा हात मोठ्या सिस्टरनी धरायचा नाही असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

ता. क. ३ – पत्र घेऊन आलेले अँब्युलन्सचे ड्रायव्हर खाली थांबलेत. त्यांना चहा विचारत बसू नकोस. आईची ती नोंद काढायला सॉफ्टवेअर कारण मागत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी सांगत गेलो आणि त्यांनी टाइप केलं: 'रुग्णाने हे औषध पूर्वी कधीच घेतलेलं नाही. रुग्णाची बहीण येत आहे.' त्या भांडकुदळ यंत्राने हूं की चूं न करता ते मान्य केलं. आता हे हॉस्पिटलच्या कागदोपत्री कायमचं लागलं आहे, मावशी. तू आली नाहीस तर माझी नोकरी जाईल. चष्मा घे आणि नीघ.